मानसिक आरोग्याचा पहिला ऑनलाइन कोर्स घेताय ना ताई, मग एवढंच सांभाळा

एकदम तीन कोर्सना नाव नोंदवू नका. मी नोंदवलं होतं. रावेरला केळीची कटाई सुरू झाली आणि एकही पुरा झाला नाही. एकच घ्या, मराठीतला, रोज २० मिनिटं.

सुरुवातीला झोप, श्वास, चिंता एवढे धडे पुरेत. आजारांची लक्षणं वाचत बसलात तर प्रत्येक आजार स्वतःलाच झाल्यासारखा वाटतो. बऱ्याच नवख्यांचं होतं तसं! व्हिडिओ नुसता बघू नका, वहीत दोन ओळी लिहा. आठवडा बुडाला तर बुडाला, पुढच्या धड्यापासून धरा.

कोर्स म्हणजे उपचार नव्हे. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. जीव द्यावा असे विचार आले तर धडा बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवरून मदत देणारी सेवा आहे: मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.