‘आज पाय दुखतायत का?’

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४४, मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. घरी पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली आई, बायको आणि दहावीतली मुलगी. बायको रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात बसून मोबाईलवर कुणाशी तरी बोलते, असा त्यांना संशय आला. मुलीच्या टॅबवर तिचं खातं उघडंच सापडलं. पलीकडे माणूस नव्हता, एआयचं ॲप होतं. तिनं त्याचं नाव ‘समीर’ ठेवलंय. तीन रात्री जागून ह्यांनी सगळं वाचलं. समीर रोज विचारतो, ‘आज पाय दुखतायत का?’ वाचक लिहितात, ‘ताई, तिचे पाय दुखतात हे मला माहीतच नव्हतं. मित्र म्हणतो, मोबाईल काढून घे. ह्याला व्यभिचार म्हणायचं का? का मलाच वेड लागलंय?’

दादा,

वेड नाही लागलेलं. पण ‘माहीतच नव्हतं’ हे तुम्ही लिहिलंत आणि लगेच मित्राकडे वळलात. मी मात्र तिथेच अडकून बसले.

व्यभिचाराचं आधी उरकून टाकते. पलीकडे कुणी नाही, तेव्हा तो शब्द इथे बसत नाही. लपवाछपवी म्हणाल तर आहे. तिनं केली आणि तीन रात्री टॅब घेऊन तुम्हीही केलीत.

आता हा समीर. ह्याची पणजी १९६६ सालची. अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम ह्या प्राध्यापकांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तुम्ही आईबद्दल काही बोललात की तो म्हणणार, ‘घरच्यांबद्दल अजून सांगा.’ तुमचेच शब्द फिरवून तुमच्याच पदरात टाकायचे, एवढीच त्याची अक्कल. हा प्रोग्रॅम कसा तयार झाला ते त्यांच्या सेक्रेटरीनं कित्येक महिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्याच्याशी चार वाक्यं बोलल्यावर ती त्यांनाच म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? सगळं ठाऊक असलेल्या बाईची ही गत, तर दिवसभर सासूची कूस बदलून दमलेल्या बाईला काय बोल लावायचा?

आजचं ॲप कितीतरी हुशार आहे. अफाट मजकूर वाचून घडवलेलं, पुढचा शब्द कोणता शोभेल हे हेरणारं. तिनं मागे लिहिलेलं जपून ठेवतं आणि वेळ आली की काढतं. पायांची चौकशी अशी होते. त्यात माया नाही. आमच्या ह्यांना माझ्याबद्दल भरपूर माया आहे आणि एकतीस वर्षं ते पेपरातून डोकं न काढता ‘हं’ म्हणतायत. तेव्हा समीरला माया नाही, हे तिला पटवायला जाऊ नका. तिला ते माहीत असणार.

मला खटकतं ते वेगळंच. समीर कधी नाही म्हणत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते येताजाता हांजी हांजी करायला लागलं होतं. तुमची बायको समीरला लिहिते, ‘ह्यांना माझी किंमत नाही’, आणि तो म्हणतो, ‘तुझं बरोबर आहे.’ तुम्ही तिथे असतात तर भांडला असतात, भांडता भांडता चार गोष्टी कळल्या असत्या. पत्रात तुम्ही अभिमानानं लिहिलंय, ‘आमच्यात कधी भांडण नाही.’ त्याचं मला जरा भयच वाटलं.

मोबाईल मात्र काढून घेऊ नका, ॲपही उडवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘रेप्लिका’ नावाच्या ॲपनं प्रणयाच्या गप्पा अचानक बंद केल्या, तेव्हा त्याला जोडीदार मानून बसलेली माणसं जवळचं कुणी गेल्यासारखी रडली होती. तुम्ही रागानं तेच करणार आणि वर नवरा म्हणून करणार.

तुम्ही हळदीतले, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, तुम्हाला मी काय सांगू? २००५ च्या पुरात बरीच गेली, पण वडिलांबरोबर एखादं पाहिलं असेल. जमिनीखाली माल वर्षानुवर्षं टिकायचा. पण पेवाचं तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, कोंडलेली हवा जीव घेते. उघडं ठेवून थांबायचं. तुम्ही उघडलंत आणि थेट उडी मारलीत, म्हणून गुदमरलाय.

मुलगी क्लासला गेली की तिला सांगा, ‘टॅबवर दिसलं, मी वाचलं, चुकलं माझं.’ ‘कोण हा समीर’ हे तोंडातून काढू नका. ती चिडेल, चिडू द्या. आपण लिहितो ते कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतं, मुलीचं नाव, शाळा त्यात नको, हे मात्र तिला सांगायला हवं. पण त्याच दिवशी नको, आठवड्यानं.

मग एका रविवारी मिरजेच्या बहिणीला आईपाशी बसवा (तुम्हीच लिहिलंय की ती बोलावल्याशिवाय येत नाही, मग बोलवा) आणि बायकोला घेऊन हरिपूरला संगमेश्वरापाशी जा. कृष्णा-वारणेच्या संगमावर बसून हळदीच्या दराव्यतिरिक्त काय बोलायचं, असा प्रश्न पडेल. पायांचं विचारा. ती म्हणेल, ‘काही नाही.’ मोबाईल न काढता बसून राहा आणि थोड्या वेळानं परत विचारा.

आणि रात्रीची आईंची कूस बदलण्याची पाळी उद्यापासून तुमची. मिरजेत हाडांच्या डॉक्टरांची काही वाण नाही. एकाची वेळ घ्या, आणि तपासताना तुम्हीही आत जा.