रविवारचा कॉल एक तास पुढे कसा गेला?

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीला असते, दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. उन्हाळ्यात तिने मेलवर आयसीएस फाइल पाठवली, ती मी फोनमध्ये उघडली आणि संध्याकाळी साडेसहाची एंट्री बसली, छान चाललं होतं. नोव्हेंबर लागला आणि तिथे आपोआप साडेसात दिसायला लागलं, मी तर काहीच दाबलं नाही. फाइल बिघडली का? तीच परत टाकली तर एंट्र्या डबल होतील का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर: आजोबा, फाइल ठणठणीत आहे, घड्याळ हललंय ते तिकडचं. आयसीएस म्हणजे साधी टेक्स्ट फाइल हो, नोटपॅडमध्ये उघडून बघा, सुरुवात-शेवट सांगणाऱ्या बिगिन-एंडच्या ओळी आणि मधे माहिती, बस. 1998 साली याचं स्टँडर्ड ठरलं, 2009 मध्ये ते सुधारून आरएफसी 5545 नावाचा नियमांचा दस्तऐवज आला, बहुतेक सगळी कॅलेंडर ॲप तेच वाचतात.

त्यात 'डीटीस्टार्ट' (DTSTART), म्हणजे एंट्री सुरू व्हायच्या वेळेची ओळ शोधा, सगळी गंमत तिथे आहे. वेळ तीन तऱ्हेने लिहितात. शेवटी झेड असेल तर ती यूटीसी, म्हणजे जगाची एकच वेळ. टीझेडआयडी (TZID), म्हणजे टाइमझोनचं नाव असेल तर त्या गावची वेळ, तुमच्या फाइलमध्ये बहुतेक 'अमेरिका/न्यूयॉर्क' असणार. आणि दोन्ही नसेल तर तरंगती वेळ, जिथे जाल तिथले आठ म्हणजे आठ, गोळ्यांच्या आठवणीला हीच बरी. आता तुमच्या लेकीने सकाळी नऊ लिहिले तिच्या गावचे, उन्हाळ्यात ते आपले साडेसहा, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतात, मग तिचे नऊ आपले साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेसहा होईल. वर्षभर साडेसहाच हवे असतील तर तिला एंट्री करताना टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारताची वेळ, निवडायला सांगा, मात्र मग हिवाळ्यात तिला आठला उठून बसावं लागेल, ते तुम्ही बापलेकीने ठरवा!

डबलचं म्हणाल तर प्रत्येक एंट्रीला 'यूआयडी' असतो, आधार नंबरसारखा समजा. तीच फाइल परत टाकली तर बरीचशी ॲप तो ओळखून जुनीच एंट्री अपडेट करतात. लेकीने नवीन एंट्री करून पाठवली तर यूआयडी नवा, मग जुनी तुम्हालाच डिलीट करावी लागेल.

प्रश्न: संकष्टीला 'दर महिन्याला रिपीट' लावलं, पुढच्या महिन्यात भलत्याच दिवशी आली. असं का?
– एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर: ताई, रिपीटचा नियम 'आरआरूल' नावाच्या ओळीत असतो आणि त्याला तारीख कळते, वार कळतो, चंद्र नाही कळत. 2015 मध्ये इतर कालगणनांसाठी 'आरस्केल' आलं, पण ते ॲपला यायला हवं ना, आणि तिथीचा हिशोब त्यानेही सुटत नाही. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरातून वर्षाच्या बारा तारखा (अधिक मासाच्या वर्षी तेरा) बघून एकेक टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि पूर्ण दिवसाची एंट्री केलीत आणि फाइलमध्ये 'डीटीएंड'ला, म्हणजे एंट्री संपायच्या ओळीत, दुसऱ्या दिवसाची तारीख दिसली तर दचकू नका, ती तारीख धरायची नसते, आदल्या दिवशीच एंट्री संपते.