थोर संशोधकांची चरित्रे कशी वाचावीत?

प्रश्न : थोर संशोधकांविषयी मला अतिशय आदर वाटतो, परंतु चरित्रे वाचून त्यांची विचारपद्धती उमगत नाही. काय करावे?

उत्तर : चरित्राच्या जोडीने त्यांची टिपणेही वाचावीत. पुस्तकबांधणीची उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरेडे यांनी १८१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे बांधून त्यांना पाठवली आणि १८१३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत साहाय्यक झाले, ही कथा सर्वपरिचित आहे. मला मात्र त्यांची रोजनिशी अधिक मोलाची वाटते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारांची दोन वेगळी वेटोळी गुंडाळून केलेल्या प्रयोगात, एका वेटोळ्यात विद्युतप्रवाह जोडताना आणि तोडतानाच दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेल्या तारेजवळची चुंबकसूची क्षणभर हलली, ही नोंद तीत आहे. दुसऱ्या वेटोळ्यात अखंड प्रवाहाची अपेक्षा असताना त्या क्षणिक हालचालीकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही.