जनुकांचे क्लस्टर खरे की दिखाऊ, हे कसं तपासाल

के-मीन्स या अल्गोरिदमला ८ क्लस्टर (सारख्या वागणाऱ्या जनुकांचे गट) मागा, तो ८ देतोच, निव्वळ यादृच्छिक आकड्यांतूनही. त्यामुळे हीटमॅप (आकड्यांचं रंगीत चित्र) सुबक दिसला म्हणून विश्वास ठेवू नका.

सिल्हूट (जनुक शेजारच्या गटापेक्षा स्वतःच्या गटाला किती जवळ, हे −१ ते १ मध्ये सांगणारा आकडा) काढा, पण ज्या अंतरावर गट पाडले त्याच अंतरावर. पिअर्सन सहसंबंधावर (चढउतार किती जुळतात यावर) गट पाडून युक्लिडियन (सरळ रेषेतल्या) अंतरावर सिल्हूट काढला तर आकड्याला अर्थ उरत नाही. टी-स्नीच्या (अनेक मितींचा डेटा दोन मितींत दाखवणाऱ्या पद्धतीच्या) चित्रावर तर मुळीच नको, तिथली अंतरं ताणलेली असतात. नुसती सरासरीही पाहू नका. शून्याखाली गेलेली जनुकं बहुधा शेजारच्या गटाला जवळची असतात.

माझा खरा भरवसा स्थैर्यावर. ८० टक्के जनुकं यादृच्छिक निवडून १०० वेळा क्लस्टरिंग करा, दर वेळी निदान २५ वेगवेगळ्या सुरुवाती (आरंभीचे केंद्रबिंदू) देऊन. मूळ गटाचा सर्वांत जुळणाऱ्या नव्या गटाशी जॅकार्ड निर्देशांक (दोन्ही गटांत सामाईक जनुकं भागिले दोन्हींतली मिळून एकूण जनुकं) काढा. तुलना फक्त निवडलेल्या जनुकांपुरती. सरासरी ०.७५ च्या वर असेल तर गट टिकाऊ. ०.६ च्या खाली असेल, तर त्यावर जीवशास्त्राचा दावा उभारू नका.

मग जीन ऑन्टॉलॉजी, म्हणजे जनुकांच्या कार्यांची प्रमाणित सूची. गटात कोणतं कार्य पार्श्वभूमीच्या मानाने जास्त दिसतं, ते तपासा. पार्श्वभूमीला संपूर्ण जीनोम नको, क्लस्टरिंगला घेतलेलीच जनुकं घ्या. नाहीतर आधीच्या गाळणीमुळेच पी-मूल्यं (निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता) फसवी लहान येतात. सरावाला यीस्टच्या पेशीचक्राचा १९९८ चा डेटा घ्या. तिथे जनुकांचे टप्पे ठाऊक असल्याने सुधारित रँड निर्देशांकाने (दोन गटवाऱ्या किती जुळतात याच्या मापाने) थेट पडताळा घेता येतो.

नमुन्यांचे गट पाडले असतील, तर आधी गट विरुद्ध बॅच (एकत्र प्रक्रिया केलेल्या नमुन्यांचा संच) असा तक्ता मांडा. बॅचमुळेही सिल्हूट उत्तम येतो.