‘असू दे की’ म्हणून थेरपी सोडायची का?

पत्र थोडक्यात असं: खानापूर तालुक्यातल्या ३७ वर्षांच्या एक ताई बेळगावात एका सोसायटीत नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी, टूडी एको सगळं नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी आणि श्वासाच्या व्यायामानं उतार पडला, पण साहेबांनी जादा काम अंगावर टाकलं की पुन्हा तेच. आता थेरपिस्ट मॅडम म्हणतात, मुळाशी जाऊन वर्षभर काम करूया. ताई लिहितात, “वडील मिलिटरीत, घरात मी थोरली. बाराव्या वर्षापासून दोन्ही धाकट्यांचं सगळं मीच केलं. आता आईच्या तक्रारी सांगायला पैसे मोजायचे का? गाडलेली मढी उकरून काय मिळणार? पाचव्या वेळी मॅडम पंधरा मिनिटं उशिरा आल्या. मी हसून ‘असू दे की’ म्हटलं. घरी येऊन दोन दिवस डोकं ठणकत होतं. आता ‘काम आहे’ म्हणून कळवते आणि थांबते. शिवाय त्यांची भाषा कन्नड. मी इंग्रजीत बोलते. मराठीत बोलले तर त्यांना आवडणार नाही.”

ताई,

थांबायचं तर थांबा, तो तुमचा हक्क आहे. फक्त ‘काम आहे’ असा निरोप पाठवून थांबू नका. आणखी एकदा जा आणि बसल्या बसल्या पहिल्या पाच मिनिटांत सांगा: “मागच्या वेळी तुम्ही उशिरा आलात. मी असू दे म्हटलं, पण मला राग आला होता. दोन दिवस डोकं दुखलं. येऊच नये असं वाटलं.” शेवटच्या मिनिटाला सांगू नका, नाहीतर त्यावर बोलायला वेळ उरत नाही.

हे आग्रहानं सांगण्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. ब्रिटिश मनोविश्लेषक डेव्हिड मॅलन यांनी अशा कामासाठी दोन त्रिकोण एकत्र मांडले. पहिल्याची टोकं तीन: आतली भावना, ती वर येताना वाटणारी भीती, आणि भीती टाळायची सवय. तुमच्या बाबतीत बहुधा राग, धडधड आणि हसून ‘असू दे की’. दुसऱ्या त्रिकोणात माणसं असतात: आजचं माणूस (साहेब), जुनं माणूस (आई, वडील) आणि समोर बसलेला थेरपिस्ट. एकच नमुना तिन्ही ठिकाणी चालू असतो. साहेबांची फाईल घेताना जे घडतं, तेच पाचव्या बैठकीत त्या खुर्चीत घडलं. साहेबांशी किंवा आईशी काय झालं ते तुम्ही फक्त आठवून सांगू शकता. हे मात्र दोघींच्या समोर घडलंय, त्यामुळे ते दोघींना तपासता येतं. पंधरा मिनिटांचा उशीर ही मॅडमचीच चूक, त्याला तुमचं मन जबाबदार नाही, आणि चांगल्या थेरपिस्ट ते आधी कबूल करतील. मग विचारतील, “राग आला तेव्हा अंगात काय झालं? सांगितला असता तर काय होईल असं वाटलं?” ‘मुळाशी जाणं’ ते हेच. मढी उकरायची गरज नाही. जे जुनं आज जिवंत आहे तेवढंच बघायचं.

आईवर खटला भरायचा नसतो. नवरा सीमेवर, पदरात तीन पोरं, अशा बाईनं थोरलीवर भार टाकला हे समजण्यासारखं आहे, आणि बारा वर्षांच्या मुलीला तो जड झाला हेही तितकंच खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येऊ लागल्या की सहसा राग कमी होतो.

श्वासाचे व्यायामही आणि मुळाशी जाणंही, असं वेगवेगळ्या पद्धतींतलं एकत्र घेतात त्याला एकात्मिक पद्धत म्हणतात. पण ती म्हणजे दिसेल ते तंत्र वापरणं नव्हे. पाया एक असतो आणि गरजेनुसार बाहेरची साधनं घेतात. धडधड सुरू असेल तर आधी श्वास, झोप, घाबरण्याचा झटका कसा चढतो-उतरतो याची माहिती. थोडं स्थैर्य आलं की नमुन्याचं काम. बिघडतं ते दोन प्रकारे. एक, दुसऱ्याच बैठकीत बालपण खोदायला घेतलं तर घाबरणं वाढतं आणि माणूस पळतो. दोन, डोळे भरून आले रे आले की थेरपिस्ट नवीन व्यायाम काढतात. तेव्हा भावनेपासून दोघंही पळत असतात. म्हणून सरळ विचारा: तुमचा मूळ पाया कोणता, आणि माझ्यासाठी दुसरं काय, का वापरता?

भाषेबद्दल. बेळगावात कचेरीत कन्नड, डॉक्टरांशी इंग्रजी, घरी मराठी हे रोजचंच. नोकरीची हकीकत कुठल्याही भाषेत सांगा. पण आई जे म्हणायची ते मराठीतच, तिच्याच शब्दांत म्हणा, क्षणभर थांबा, मग अर्थ सांगा. दुसऱ्या भाषेत दुःख सांगणं सोपं जातं, कारण ते थोडं लांब राहतं. बोलता बोलता आपण मराठीतून इंग्रजीत कधी सरकतो याकडे लक्ष ठेवा, बऱ्याचदा राग तिथंच असतो. आणि मॅडमना आवडणार नाही हे त्यांना न विचारताच तुम्ही ठरवलंत. तेही ‘असू दे की’च.

बैठक आठवड्याला एक, ४५ ते ५० मिनिटांची, ठरलेल्या वारी. पंधरवड्यानं गेलात तर निम्मा वेळ बातम्या सांगण्यात जातो. वर्षभराचा शब्द आज देऊ नका. १२ बैठका ठरवा आणि बाराव्या वेळी आढावा घ्या: माझा नमुना काय आहे हे दोघींना साध्या चार वाक्यांत सांगता येतं का? बाहेर एखाद्या ठिकाणी तरी मी ‘आज जमणार नाही’ म्हटलं का? दोन्हीला नाही असेल तर थेरपिस्ट बदलण्याचा विचार करा. मधल्या काही आठवड्यांत रडू जास्त येईल, ते चालतं. झोप उडाली, कामावर जाणं बंद पडलं तर वेग कमी करायला सांगा. मरणाचे विचार आले, तर खोलातलं काम बाजूला ठेवून आधी सुरक्षितता: टेली-मानस ही सरकारी फोनसेवा, १४४१६, चोवीस तास, मोफत.

गोळ्या स्वतःहून अर्ध्या करू नका. अचानक थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि ते ‘थेरपीनं बिघडलं’ असं वाटतं. झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्या एकदम सोडल्यास फिटही येऊ शकते.

फी परवडत नसेल तर तेही बोला, काही जण कमी करतात. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. काउन्सेलरची पाटी कुणीही लावतं, म्हणून शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असायला हवी. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. पण आपल्याकडे खडेबाजारात गाठ पडतेच, तेव्हा रस्त्यात भेटल्यावर ओळख द्यायची की नाही हेही ठरवून टाका.

राग सांगितल्यावर मॅडमनी तुम्हालाच दोष दिला, किंवा ‘हा तुमचा प्रतिकार आहे’ (म्हणजे तुम्हीच थेरपी टाळताय) एवढंच म्हणून विषय मिटवला, तर त्यांच्याकडे पुढं जाऊ नका. आतापर्यंतच्या कामाचा एक पानी सारांश मागून घ्या. नव्या थेरपिस्टकडे सुरुवात त्यावरून करता येईल.