आजी गेली, आणि मी तिला काही विचारलंच नाही

घरातलं म्हातारं माणूस गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी जे समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, त्यांचं एक वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. 'मी तिला काही विचारलंच नाही.' पाठोपाठ, आवाज जरा खाली आणून, दुसरं: 'आणि मला रडूही आलं नाही. माझ्यातच काही कमी आहे का?'

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. तीन आठवड्यांत रडू न येणं हा आजार नाही. लांबलेल्या शोकाचं निदान करायला आमच्या पुस्तकांतसुद्धा मोठ्या माणसांच्या बाबतीत निदान सहा महिने ते वर्ष थांबायला सांगितलंय. पहिल्याचं उत्तर मात्र मला एका व्हिएतनामी नातीने शिकवलं. तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

मी अमेरिकेतल्या सॅन होजेत प्रॅक्टिस करते. व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही शहरात नसतील इतकी व्हिएतनामी माणसं या गावात आहेत, लाखाच्या वर. ही नात सव्वीस वर्षांची, इथेच जन्मलेली. आईच्या आईला ती 'न्गोआय' म्हणायची. न्गोआय एकोणऐंशीव्या वर्षी गेली. त्यांच्याकडे एकोणपन्नासाव्या दिवशी विधी आणि जेवण असतं. त्या दिवशी इंग्रजीत चार शब्द तू बोल, असं घरच्यांनी हिला सांगितलेलं. ती कागद घेऊनच आली होती.

कागदावर होतं: मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातलं 'मी थो' नावाचं गाव. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या हाती पडली. १९७९ मध्ये होडीतून निघाले, बिडाँग बेटावरची निर्वासितांची छावणी, मग अमेरिका. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंग. स्वयंपाक उत्तम.

"सात ओळी," ती म्हणाली. "ऐंशी वर्षांच्या बाईच्या सात ओळी. आणि त्यातल्या तीन मी इंटरनेटवरून घेतल्यात."

त्या तीन म्हणजे बिडाँगच्या. मलेशियाच्या किनाऱ्याजवळचं जेमतेम एक चौरस किलोमीटरचं बेट, १९७९ च्या मध्याला त्यावर चाळीसेक हजार माणसं. आकडे बरोबर होते, पण आजी त्यात कुठेच नव्हती.

गेलेल्या माणसाला पत्र लिहा, असा एक उपाय आमच्या धंद्यात फार चालतो. मी तो घाईने देत नाही. अपराधी वाटणारा माणूस पत्रातही माफीच मागत बसतो. मी म्हटलं, पुढच्या वेळी तिची एखादी वस्तू आण, रोज हातात असायची अशी.

मला वाटलं पंखा येईल, नाहीतर जपमाळ. तिने आणली वही. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट, रबरबँड लावलेली. आत रकाने, महिने, डॉलरचे आकडे, खोडाखोड.

"ही हुईची वही. म्हणजे कसं सांगू, बायका दर महिन्याला पैसे..."

"भिशी," मी म्हटलं. माझ्या तोंडून मराठीच निघालं. माझी आई सांगलीत पंधरा वर्षं भिशी चालवायची, अशीच वही होती, फक्त पुठ्ठा लाल. न्गोआयची हुई लिलावाची होती. ज्या बाईला नड असेल ती कमी रक्कम घेऊन आधी उचलायची, जी थांबेल तिला फायदा. कुणी बुडवलं तर भरून द्यायची जबाबदारी चालवणारीची. बँकेत उभं राहायला इंग्रजी नव्हतं, तेव्हा या भागातल्या कित्येक व्हिएतनामी बायकांनी अशाच पैशांतून शिलाई मशीन घेतलं, दुकानाचं डिपॉझिट भरलं.

पण बायकांच्या नावांच्या जागी मला दोन-तीन अक्षरी शब्दच दिसले. हे काय?

ती हसली. व्हिएतनामच्या दक्षिणेकडे घरातल्या मुलांना क्रमांकाने हाक मारतात. तेही एकपासून नाही. थोरलं अपत्य 'हाय', म्हणजे दोन. मग 'बा' तीन, 'तू' चार, 'नाम' पाच, 'साउ' सहा. शेंडेफळाला 'उत'. न्गोआयला सगळ्या बायका साउ म्हणत.

"म्हणजे ती पाचवी. आधीची चार कोण?"

"मामा सांगेल. आमच्याकडे पण तसंच आहे. मामा हाय, आई तू, मावशी उत..."

ती तिथेच थांबली. वहीवर बोट तसंच राहिलं. मग बोटांवर मोजलं तिने, लहान मुलं मोजतात तसं. हाय, तू. दोन, चार.

सव्वीस वर्षं रोज कानांवर पडलेले शब्द. बा कुठे गेली, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

त्या दिवशी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, आईला समोर बसवून 'काय झालं होतं?' असं विचारू नकोस. हात कामात असताना विचार, आणि विषय जेवणाचा काढ. दुसरी, तिने नाही सांगितलं तर तेही उत्तर धर.

एकोणपन्नासाव्याच्या आदल्या रात्री भाज्या निवडताना तिने विचारलं, दर उन्हाळ्यात न्गोआय एक दिवस ते हिरव्या मुगाचं, नारळाच्या दुधातलं गोड करायची, आपल्याकडच्या कोकणातल्या कढणासारखं, ते कशासाठी? आईने सुरी खाली ठेवली नाही. म्हणाली, तुझ्या मावशीसाठी. मला आठवत नाही, मी तीन वर्षांची होते. हायला विचार.

मामा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला सगळं आठवत होतं. होडीचं इंजिन बंद पडलेलं, पाणी संपलेलं. सहा वर्षांच्या बाला ताप आला आणि ती गेली. समुद्रातच सोडावं लागलं. तारीख कुणालाच धड सांगता येईना, म्हणून घर सोडलं ती तिथी न्गोआयने धरली. त्यांचंही आपल्यासारखं तिथीनेच चालतं. फोटो नव्हता, त्यामुळे देव्हाऱ्याशेजारच्या पूर्वजांच्या फळीवर ती कधीच दिसली नाही. फक्त एक वाटी जास्त असायची.

"आणि मी त्या दिवसाची वाट बघायचे," ती मला म्हणाली. "गोड मिळतं म्हणून."

तुम्ही विचारता ना, मी का नाही विचारलं. पोरं विचारत नाहीत, कारण घर त्यांना शिकवतं कुठे हात लावायचा नाही ते, आणि पोरं फार हुशार असतात. न्गोआयने न सांगणं निवडलं होतं. तेही तिच्याच आयुष्यातलं, तेवढंच तिच्या मालकीचं. त्याचा हिशेब नातीच्या नावावर कसा टाकायचा? तरी अपराधी वाटतंच. मी ते घालवायला जात नाही. फक्त म्हणते, जी माणसं अजून आहेत त्यांच्याकडे जा. मामा पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टीबद्दल पहिल्यांदाच बोलला, तेही कुणी विचारलं म्हणून.

भाषण छान झालं म्हणे. मी त्याबद्दल फार विचारलं नाही. मला हुईची काळजी होती, कारण वहीत दोन हप्ते शिल्लक दिसत होते. ते हिनेच पुरे केले, घरोघर जाऊन. रडू तिथे आलं. एका म्हातारीने दार उघडलं आणि पैशांचं काही बोलण्याआधी विचारलं, "कॉन आन कोम चुअ?" शब्दशः, बाळ, भात खाल्लास का अजून? न्गोआय फोनवर हेच विचारायची, पहिलं वाक्य, नेहमी.

शेवटच्या भेटीत तिने वही पुन्हा आणली. भिशीचा हिशेब संपला होता तिथून पुढच्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात चार ओळी होत्या. हाय, बा, तू, उत. प्रत्येकासमोर पूर्ण नाव. बासमोरचं नाव तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. ते मी इथे लिहीत नाही.