लिलावातले घर: किंमत कमी, पण ताब्याचे काय?

(कर्ज थकल्यामुळे बँकांनी लिलावात काढलेल्या घरांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.)

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीतल्या दोन बेडरूमच्या सदनिकेची लिलावाची नोटीस वर्तमानपत्रात वाचली. राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, ५८ लाख रुपये आहे. त्याच इमारतीत तेवढीच सदनिका ७५ लाखांच्या आत मिळत नाही. आम्ही पतिपत्नी दोघेही नोकरी करतो आणि भाड्याच्या घरात राहतो. बोली लावावी का? नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ असे लिहिले आहे, त्याचा अर्थ काय?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : आपण शेवटी विचारलेला प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. गृहकर्जाचे हप्ते थकून खाते अनुत्पादक ठरले, की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार देणारा कायदा) कलम १३(२) खाली कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस देते. त्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर कलम १३(४) खाली ती तारण मालमत्तेचा ताबा घेते. मात्र हा ताबा दोन प्रकारचा असतो. सांकेतिक ताब्यात बँकेचा प्राधिकृत अधिकारी दारावर नोटीस चिकटवतो आणि ती दोन वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करतो. कर्जदाराचे कुटुंब मात्र त्याच घरात राहत असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आदेश झाल्यावर पोलीस बंदोबस्तात पंचनामा होतो, घरातील वस्तूंची यादी केली जाते, कुलूप लावून सील केले जाते आणि तेव्हा कोठे घर रिकामे होते. या अर्जावर ३० दिवसांत, फार तर एकूण ६० दिवसांत आदेश व्हावा असे कायदा सांगतो. पण आदेश हाती असूनही बंदोबस्ताची तारीख न मिळाल्याने महिने उलटतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणजे आपण पाहिलेल्या सदनिकेत आज कोणीतरी राहत असण्याची शक्यता मोठी आहे आणि पूर्ण पैसे भरल्यानंतरही किल्ली लगेच हाती येईलच असे नाही.

त्याच नोटिशीत ‘जसे आहे जेथे आहे’ आणि ‘जे काही आहे तेथे आहे’ अशा अर्थाचे शब्द असतील. ते नेहमीचे म्हणून वाचक पुढे जातात, परंतु संपूर्ण व्यवहाराचा भार त्या शब्दांवर असतो. सोसायटीचा थकलेला देखभाल खर्च, महापालिकेचा मिळकतकर, विजेचे बिल, अनधिकृत बांधकाम, न्यायालयातील दावा यांची चौकशी खरेदीदाराने स्वतः करायची आणि नंतर बँकेकडे बोट दाखवायचे नाही, असा त्यांचा अर्थ आहे. केरळमधील वीज मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये या शब्दांना पूर्ण वजन दिले आणि जुन्या मालकाच्या वीजबिलाची थकबाकी लिलावातील खरेदीदाराकडून मागता येते, असे ठरवले. म्हणून बोली लावण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवांना भेटून थकबाकीचे लेखी पत्र मागावे. सचिव ते देण्यास नाखूश असतील, तर प्राधिकृत अधिकाऱ्यामार्फत मागवावे. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मंजूर नकाशातील मजल्यांमध्ये ही सदनिका बसते का, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) कोणाच्या नावावर आहे, हे पाहावे. वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि सरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय, नोंदवहीत नाममात्र शुल्क भरून त्याच मिळकतीवर दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, याची खात्री करावी. एकच सदनिका दोन बँकांकडे तारण ठेवल्याची प्रकरणे घडली आहेत, हे विसरू नये.

आता हिशेब मांडू. राखीव किमतीच्या साधारण १० टक्के, म्हणजे ५ लाख ८० हजार रुपये, इसारा म्हणून आधी भरावे लागतील. समजा आपली बोली ६० लाखांना मान्य झाली. किमतीचा चौथा हिस्सा, म्हणजे १५ लाख रुपये, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण करावा लागतो; इसारा त्यात धरला जातो, त्यामुळे एका दिवसात आणखी ९ लाख २० हजार उभे करावे लागतील. उरलेले ४५ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत द्यायचे असतात. बँकेने लेखी मान्य केल्यास ही मुदत वाढते, पण ३ महिन्यांच्या पुढे जात नाही. त्यात चूक झाली तर भरलेली रक्कम जप्त होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जप्तीला मान्यता दिली आहे. त्यामुळे ‘आधी बोली लावू, कर्जाचे मागून पाहू’ हा विचार मनातून काढून टाकावा. सांकेतिक ताबा असलेल्या घरावर कर्ज देण्यास अनेक बँका तयार नसतात. लिलाव करणारी बँक स्वतः कर्ज देईल का, हे सर्वांत आधी आणि लेखी विचारावे.

पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के धरले तर ६० लाखांवर ४ लाख २० हजार आणि नोंदणी फी ३० हजार होते. शुल्क लिलावाच्या किमतीवर की सरकारने ठरवलेल्या रेडी रेकनरच्या मूल्यावर, याबद्दल शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (शुल्काबद्दलचा अधिकृत निर्णय) करून घ्यावा. सोसायटीची आणि महापालिकेची मिळून ३ लाखांची थकबाकी निघाली, ताबा मिळायला एक वर्ष लागले, त्या काळात ४५ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी सुमारे ३ लाख ८० हजार व्याज आणि दरमहा २० हजारांप्रमाणे २ लाख ४० हजार घरभाडे गेले, असे मानू. बंद किंवा दुर्लक्षित घराच्या डागडुजीला आणि वकिलाला मिळून आणखी ३ लाख. बेरीज सुमारे ७६ लाख ७० हजारांवर जाते. उघड बाजारातील ७५ लाखांची सदनिका शुल्कासह ८० लाख ५५ हजारांना पडते. नोटीस वाचताना १५ ते १७ लाखांचा वाटणारा फायदा ४ लाखांच्याही खाली येतो आणि ताबा मिळायला दुसरे वर्ष लागले तर तोही उरत नाही.

किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यामुळे १ टक्का टीडीएसही कापून भरावा लागतो. तो जादा खर्च नसून किमतीतूनच वळता होतो, पण कोणाच्या पॅनवर भरायचा हे बँकेकडून लेखी घ्यावे.

याचा अर्थ लिलावाच्या वाटेला जाऊच नये, असा नाही. या व्यवहारात संपूर्ण किंमत बँकेमार्फत जाते. रोखीचा एक पैसाही मागितला जात नाही. पगारदार कुटुंबासाठी ही फार मोठी सोय आहे, आणि तिचा उल्लेख पुरेसा होत नाही. कर्ज देताना बँकेने कागदपत्रे एकदा तपासलेली असतात, तेव्हा शोधाची सुरुवात कोऱ्या पाटीवर होत नाही. लिलावाला कोणी आले नाही, तर बँक पुढच्या वेळी अनेकदा राखीव किंमत उतरवते आणि फेरलिलावासाठी १५ दिवसांची नोटीसही पुरते. सरकारी बँकांच्या अशा मालमत्ता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर एकत्र पाहता येतात. माझे मत विचाराल, तर प्रथमच घर घेणाऱ्या आणि भाडे व हप्ता दोन्ही एकाच वेळी सोसावे लागणाऱ्या जोडप्याने प्रत्यक्ष ताबा असलेलेच घर पाहावे, मग ते २-४ लाखांनी महाग पडले तरी चालेल. या सदनिकेचाच आग्रह असेल, तर कलम १४ चा आदेश झाला आहे का, हे विचारून त्याची प्रत पाहावी आणि राखीव किमतीपेक्षा फार वर जाऊ नये.

प्रश्न : आम्ही लिलावात बंगला घेतला आणि २५ टक्के रक्कम भरली. आता मूळ कर्जदार सर्व थकबाकी भरायला तयार आहे, असे कळते. शिवाय त्याने न्यायाधिकरणात अर्जही केला आहे. आमचा व्यवहार रद्द होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत कर्जदाराला पैसे भरून मालमत्ता सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) नुसार लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच तो हक्क राहतो. नवी मुंबईतील एका मालमत्तेच्या प्रकरणात लिलाव झाल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने कर्जदाराला अधिक रक्कम भरून मालमत्ता सोडवण्याची मुभा दिली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि लिलावातील खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे आता कर्जदाराने पैसे देऊ केले, एवढ्यावरून आपला व्यवहार मोडू नये.

न्यायाधिकरणाचा अर्ज मात्र गांभीर्याने घ्यावा. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. नोटिशीची मुदत पाळली नाही, वर्तमानपत्रातील प्रसिद्धी नियमानुसार झाली नाही, मूल्यांकन नीट केले नाही, अशा त्रुटी आढळल्यास लिलाव रद्द होऊ शकतो. आपण त्या अर्जात पक्षकार आहात का, हे पाहून नसल्यास वकिलामार्फत तसे होण्याचा अर्ज करावा. स्थगिती असेल, तर उरलेली ७५ टक्के रक्कम भरण्याची मुदत बँकेकडून लेखी वाढवून घ्यावी. तोंडी आश्वासनावर थांबल्यास आपलेच २५ टक्के धोक्यात येतात.

प्रश्न : आमच्या गावातील पतसंस्थेने एक घर लिलावात काढले आहे. त्यालाही हाच कायदा लागू होतो का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही. सहकारी बँकांना सरफेसी कायदा लागू आहे, हे मुरगूड येथील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले. पतसंस्था मात्र बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि कलम १५६ व नियम १०७ खाली विशेष वसुली अधिकाऱ्यामार्फत विक्री करते. तेथे १५ टक्के रक्कम लिलावाच्या वेळीच आणि उरलेली १५ दिवसांत भरावी लागते. शिवाय ठरावीक जादा रक्कम भरून लिलाव रद्द करून घेण्यासाठी मूळ मालकाला ३० दिवसांची संधी असते, म्हणून विक्री कायम झाल्याचा आदेश हाती येईपर्यंत घराच्या दुरुस्तीवर खर्च करू नये. घराला लागून शेतजमीन असेल, तर तिचा सातबारा आणि फेरफार स्वतंत्रपणे तपासावेत.

प्रश्न : दुसऱ्याचे मोडलेले घर आपण स्वस्तात घेणे मनाला पटत नाही. तेथे राहणाऱ्या कुटुंबाशी आधी बोलावे का?
– एक वाचिका, नागपूर

उत्तर : आपल्या मनातील ही अडचण प्रामाणिक आहे आणि तिला कायद्याच्या भाषेत उत्तर देणे पुरेसे नाही, तरीही एक गोष्ट कायद्यातलीच सांगतो. विक्रीतून येणारी रक्कम बँकेच्या नफ्यात जात नाही. ती कर्जदाराच्या कर्जात जमा होते आणि कर्ज फिटून काही उरले, तर ते त्याला परत द्यावे लागते. कमी किमतीत घर गेले, तर उरलेल्या कर्जासाठी बँक त्याच्या मागे लागू शकते. म्हणजे रास्त बोली लावणारा खरेदीदार त्या कुटुंबाचे नुकसान करत नाही. बोली लावणाऱ्यांनी आपसांत संगनमत करून किंमत पाडली, तर मात्र थेट त्याच कुटुंबाचे पैसे जातात. अशा गटात सामील होऊ नये.

त्या घरी जाऊन चौकशी करण्यास हरकत नाही, पण बँकेच्या अधिकाऱ्यासोबत आणि पाहणीसाठी ठरवून दिलेल्या दिवशी जावे. राहणारे कुटुंब कर्जदाराचे नसून भाडेकरूचे निघाले, तर कर्जाआधीचा नोंदणीकृत करार आहे का, ते पाहावे. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या खऱ्या भाडेकरूला सरफेसी कायद्याच्या आधारे सहज बाहेर काढता येत नाही, हे २०१६ मधील मुंबईतील भाडेकरूंच्या प्रकरणात स्पष्ट झाले आहे. कर्जदाराचेच कुटुंब असेल आणि मुलांची परीक्षा होईपर्यंत किंवा दुसरी जागा मिळेपर्यंत अवधी मागत असेल, तर माझा आग्रह असा आहे, की तो द्यावा. घर सोडण्याची तारीख, तोपर्यंतचे वीजबिल आणि घरातील वस्तू नेण्याची मुभा प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर लेखी नोंदवावी, आणि त्या तारखेला घर रिकामे झाले नाही, तर बँक कलम १४ खालची कार्यवाही पुढे चालवील, असेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.